सोमामास्तरची चाल

टेंबवाडीत कुणाचा टीव्ही बिघडला की लोक शनिवारची वाट बघत. शनिवारी सोमा कळंबे घरी यायचा. तो महाडच्या कॉलेजात कम्प्युटर शिकवतो, म्हणजे त्याला डबड्याच्या आतलं सगळं कळत असणार, असा वाडीचा सरळ हिशेब होता. सोमा बिचारा मागचं झाकण काढायचा, आत बघायचा, धूळ फुंकायचा आणि झाकण परत लावायचा. निम्म्या वेळा टीव्ही सुरू व्हायचा, आणि मास्तरचं नाव आणखी मोठं व्हायचं. असली फुकटची कीर्ती माणसाच्या वाट्याला येऊ नये. ती केव्हा गळ्याशी येईल सांगता येत नाही.

टेंबवाडी म्हणजे पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगराच्या टेपावर, उंचवट्यावर, बसलेली थोडी घरं. शेतं नाचणीची, गोठे म्हशींचे आणि तरणी पोरं सगळी मुंबईत. वाडीतून रस्त्यावर यायचं तर आधी ओढ्यापर्यंत उतरायचं, मग खिंड चढायची, मग पुन्हा उतरायचं. तेव्हा कुठे घाटातलं वडाचं वळण लागतं. त्या वळणावर रोज सकाळी नऊला सईद आपली जीप घेऊन यायचा. दुधाच्या किटल्या आणि माणसं एकमेकांच्या मांडीवर बसवून तो पोलादपूरला न्यायचा. सईद मूळचा महाडचा. वाडीचं बाहेरच्या जगाशी जे काही होतं ते सईदच्या जीपमधून यायचं आणि जायचं.

सोमाचा थोरला भाऊ सखा त्या किटल्या वाहणाऱ्यांतला. बाप गेला तेव्हा दोघंही शाळेत होते, आणि एकालाच पुढे शिकता येणार होतं. सखाने दप्तर खुंटीला टांगलं आणि काठी हातात घेतली. यावर घरात कधी चर्चा झाली नाही, रडारड झाली नाही. सखा त्यागबिग असले शब्द बोलणारा नव्हता. "तुला म्हशी वळता येत नाय, म्हनून तुला शिकवला," एवढंच तो चारचौघांत सांगायचा आणि मोठ्याने हसायचा. सोमाला ते हसणं आतून टोचायचं, पण आवडायचंही.

सोमा शिकला, महाडला नोकरीला लागला आणि दोन हजार सालाच्या सुमारास त्याने मुंबईला पीएचडीसाठी नाव घातलं. वीर स्टेशनवरून पॅसेंजर धरायची, गाईडांसमोर बसायचं, बोलणी खायची आणि परत यायचं. त्याचा विषय घरी कुणाच्याही डोक्यावरून जावा असा होता. पण सखाने एकदा पिच्छाच पुरवला. सईदच्या भावाने, अझीमने, कुवेतहून सोमासाठी वापरलेला लॅपटॉप आणला होता. तो मांडीवर घेऊन सोमा ओट्यावर बसला होता, आणि सखा शेजारी दावं वळत होता.

"नेमका करतोस काय रे तू यात?" सखाने विचारलं.

सोमाने सांगायचा प्रयत्न केला. या यंत्राच्या पोटात एक चिप असते, सगळी कामं ती करते. पूर्वी ती एकाच वेगाने चालायची. आता नव्या चिपांना वेग कमी-जास्त करता येतो. जोरात चालवली तर काम लवकर संपतं, पण वीज वारेमाप जाते. वेग दुप्पट केला की वीज आठपट ओढते. काम निम्म्या वेळात उरकलं तरी एकूण चौपट वीज खर्च होते. म्हणून काम ज्या वेळेपर्यंत द्यायचंय तोवर एकसारख्या संथ वेगाने करावं, म्हणजे बॅटरी टिकते.

"यात शिकायचा काय हाय? म्हातारी मानसं तशीच चालतात," सखा म्हणाला.

"पुढं ऐक ना. कामं आधी सांगून येत नाहीत. एक चालू असताना दुसरं येतं. पुढं काय येणार हे चिपला ठाऊक नसतं, आणि वेग तर आत्ताच ठरवायचा असतो. मग तो कसा ठरवायचा, हा माझा अभ्यास."

"ठरला का मग?"

"अजून नाही."

"तोवर दावं धर," म्हणून सखाने दाव्याचं टोक त्याच्या हातात दिलं. विषय तिथेच संपला.

पण सोमाने एक रीत ठरवली होती, आणि तिच्यावर त्याचा जीव जडला होता. क्षणोक्षणी समोर आलेली कामं बघायची, आणखी काही येणारच नाही असं धरायचं, आणि त्यांच्यापुरता कमीत कमी खर्चाचा वेग ठेवायचा. नवीन काम आलं की बेत नव्याने आखायचा. सुटसुटीत, देखणी रीत. ती वाईटात वाईट दिवशी किती चुकेल हे मोजायला त्याच्या शास्त्रात एक कल्पित हिशेबनीस असतो. त्याला पुढचं सगळं आधीच माहीत असतं. गाईड त्याला गमतीने सर्वज्ञ म्हणायचे. आपण केलेल्या प्रत्येक गोष्टीची तुलना या सर्वज्ञाशी करायची आणि आपण त्याच्यापेक्षा कितीपट वाईट, ते सिद्ध करायचं. माणसाने आपणहून गळ्यात घालून घ्यावं असं हे शास्त्र नव्हे, असं मला तरी वाटतं. सोमाला मात्र ते फार स्वच्छ वाटायचं.

आता डोलीचं सांगितलं पाहिजे. टेंबवाडीत कुणी आजारी पडलं, कुणी बाळंतपणात अडलं, की बांबूला घोंगडी बांधून डोली करायची आणि माणसाला वळणापर्यंत न्यायचं. घरटी एक माणूस खांद्याला यायचा. रीत अशी की डोली बहिरीच्या देवळापासून धावतच सुटायची. कोंडाजी उतेकर पुढच्या खांद्याला असायचा, तोंडाने आरोळ्या द्यायचा आणि सगळे त्याच्या मागे धावायचे. खिंडीच्या चढाला दम तुटायचा. मग वरच्या कातळावर डोली टेकायची, पाणी प्यायचं, आणि पुन्हा धावायचं. सोमाने लहानपणापासून हे बघितलं होतं. शिकल्यावर त्याला त्यातली उधळपट्टी दिसू लागली. धावून जोर घालवायचा आणि थांबून वेळ घालवायचा. तो एकदा हे बोलूनही गेला होता. कोंडाजी कान देऊन ऐकत होता. मास्तर बोलतो ते खोटं कसं असेल?

ती सकाळ ऑगस्टमधली, रविवारची. रात्रभर पाऊस कोसळला होता आणि पहाटे जरा उघडीप होती. सखा गोठ्यात गवताचा भारा उचलायला वाकला आणि भाऱ्याखालून नाग त्याच्या मनगटाला डसला. त्याने आरडाओरडा केला नाही. घरात येऊन म्हणाला, "सोम्या, पान लागला रे." कोकणात साप चावला असं म्हणत नाहीत. त्याचं नाव घेऊ नये म्हणून पान लागलं म्हणतात. आई चिमाबाई चुलीपुढून उठली ती भिंतीला धरूनच.

डोली बांधली. घरटी माणूस गोळा करायला गेले तर मिळाले चारच, कोंडाजी धरून. बाकीची घरं बायकांची आणि म्हाताऱ्यांची. पाचवा सोमा, आणि त्याच्या खांद्याला असल्या ओझ्याची सवय नव्हती. कोंडाजीने सगळ्यांकडे बघितलं, मग सोमाकडे.

"मास्तर, चौघांच्यानं धावनं व्हायाचा नाय. खिंडीतच बसू. तुमी सांगा कसा न्यायचा."

सोमाने मनातल्या मनात हिशेब मांडला. तो इतक्या झटकन मांडला गेला की त्याला त्या भीतीतही हायसं वाटलं. खांदेकरी थोडे, चिखल, चढ. जीप नऊला येणार. त्याआधी वळणावर ना दुसरी गाडी, ना फोनला रेंज.

"धावू नका. सगळीकडे एकच चाल ठेवा, चढाला पण तीच, उताराला पण तीच. कुठं टेकू नका. नऊला वळणावर पोचलं म्हणजे झालं. जीप नऊला हाय. लवकर जाऊन तिथं उभंच राहायचं ना?"

चौघांनी माना हलवल्या. डोली निघाली, एका लयीत. खरंच सांगायचं तर एवढ्या सुंदर चालीने टेंबवाडीतून डोली कधी गेली नव्हती. सोमा शेजारून चालत होता, सखाच्या हाताला बांधलेली पट्टी बघत होता. सखा सुरुवातीला बोलत होता. "म्हशीची धार काढायची ऱ्हायली," म्हणाला. "आईला सांग, काळी लाथ मारतेय, पुढून जा." ओढा ओलांडला. खिंडीच्या पायथ्याशी सोमाला दिसलं की सखाच्या पापण्या जड होऊन खाली येताहेत. त्याने हाक मारली. सखा बोलला, पण शब्द एकमेकांत चिकटल्यासारखे आले.

आता धावावं का? सोमाच्या ओठावर शब्द आला होता. पण हिशेब पुन्हा समोर उभा राहिला. धावलो तर हे चौघं खिंडीत बसतील. आणि नाही बसले तरी जीप नऊच्या आधी येत नाही. डोली त्याच चालीने खिंड चढली, टेकली नाही, त्याच चालीने उतरली.

वडाच्या वळणावर ते नऊच्या अगदी थोडं आधी पोचले. खांदेकऱ्यांना धापसुद्धा लागली नव्हती. कोंडाजीने कौतुकाने सोमाकडे बघितलं, आणि सोमाला, अशा वेळीसुद्धा, क्षणभर अभिमान वाटला. त्या क्षणासाठी पुढे त्याने स्वतःला कधी माफ केलं नाही.

जीप आली नाही. ते थांबले. घाटातून वर येणारा आवाज कुणाचाच नव्हता, फक्त पाण्याचा. मग खालून एक रस्त्याच्या कामावरचा माणूस पोतं डोक्यावर घेऊन चालत आला. म्हणाला, खाली दरड आली, पहाटेच आली. ते कळल्यावर सईद जीप घेऊन पलीकडच्या बाजूला उजाडल्यापासून उभा आहे, कुणी आजारीबिजारी असेल तर उतरेल म्हणून.

उजाडल्यापासून. तासाभरापूर्वी ते इथे पोचले असते तर तासाभरापूर्वी हे कळलं असतं. सोमाच्या रीतीत पुढचं काम आलं की बेत नव्याने आखायचा असतो. आता पुढचं काम आलं होतं, दरडीपर्यंतचा सगळा उतार आणि दरडीचा चिखल, आणि वेळ सगळा वाटेत खर्चून झाला होता. हाताशी शिल्लक होता तो फक्त जोर. तो मात्र भरपूर होता.

"पळा!" सोमा ओरडला.

आणि चौघं पळाले. असे पळाले की सोमा मागे पडला. गुडघाभर चिखलातून, दगडांवरून त्यांनी डोली पलीकडे काढली. सईद पुढे धावत आला, सखाचे पाय त्याने धरले, मागच्या सीटवर आडवं केलं आणि जीप हाणली. सोमाच्या मांडीवर डोकं होतं. सखाची छाती हलत होती, मग थोडी हलत होती. पोलादपूरची घरं दिसू लागली तेव्हा ती हलायची थांबली. दवाखान्यात डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. शेवटी बाहेर आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अर्धा तास आधी पोचला असतात तर काहीतरी करता आलं असतं." ते काही दोष देण्यासाठी बोलले नाहीत. सवयीने बोलून गेले असतील.

सर्वज्ञाने काय केलं असतं, हे सोमाला दवाखान्याच्या पायरीवर बसल्या बसल्याच दिसलं. तो धावला असता.

वाडीने सोमाला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. सखाच्या दिवसांना माणसं जमली तेव्हा कोंडाजी सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तरची चाल होती म्हनून आमी दरड तरी पार केली. न्हेमीसारखं धावलो असतो तर खिंडीतच आडवं झालो असतो. सख्याचाच काळ आला होता, त्याला कोन काय करनार?" लोकांनी हळहळून माना हलवल्या. सोमाने बोलायला तोंड उघडलं. "कोंडाजीदादा, चुकलं आपलं. आधी धावायला पायजे होतं," एवढं तो म्हणाला. कोंडाजीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. भावाच्या दुःखाने माणूस काहीबाही बोलतो, असं त्या हाताने सांगितलं. आणि खरं म्हणजे कोंडाजीचंही चूक म्हणता येत नव्हतं. धावून चौघं खिंडीत बसले असतेही. ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

महाडला परत आल्यावर सोमाने लॅपटॉप उघडला. वीज गेलेली होती, पडदा मंद झाला होता, आणि पोटातली चिप आपणहून संथ झाली होती. त्या संथपणाचा त्याला शिसारी आल्यासारखा राग आला. तरी त्याने बसून काम केलं. कितीतरी दिवस त्याने दुसरं काही केलं नाही. रीत कुठे फसते ते आता त्याला शिकवायला नको होतं. आणखी काही येणारच नाही असं धरणं हीच मुळात चूक. समोर दिसतंय त्याला जेवढा वेग पुरेल, त्याहून नेहमी थोडा जास्तच ठेवावा. थोडी वीज वाया जाईल, जाऊ द्यावी. येणारं येतंच. किती जास्त ठेवावा याचं उत्तरही त्याला सापडलं, आणि ते बरोबर होतं. गाईड खूश झाले. ताबडतोब लिहून पाठवा म्हणाले.

सोमाने ते पाठवलं नाही. लिहायला बसला की दुसऱ्या ओळीवर हात थांबायचा. पुढे दोन-तीन वर्षांनी परदेशातल्या कुणीतरी तेच छापलं. गाईडांनी चिडून तो कागद त्याच्यापुढे टाकला. सोमाने सावकाश वाचला. चांगलं लिहिलं होतं. त्याला वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. पीएचडी तशीच सुटली. वर्गात तो शिकवायचा, पोरं पास व्हायची, आणि शनिवारी तो वाडीला जायचा, कारण आई एकटी होती.

आणि वाडीत त्याची चाल रुजली होती.

हे त्याला पहिल्यांदा कळलं तेव्हा तो ओट्यावर जेवत होता. समोरून एका म्हातारीची डोली गेली, संथ, एका लयीत, आरोळी नाही की धाव नाही. खांदेकऱ्यांनी जाता जाता त्याला रामराम घातला. त्याच्या हातातला घास तसाच राहिला. शेजारच्या दोन वाड्यांनीही ती चाल उचलल्याचं नंतर कळलं. 'मास्तरची चाल' असं तिचं नावही पडलं होतं. माणसं दमत नाहीत, पाय घसरत नाहीत, जीपच्या वेळेला बरोबर पोचतात. वापरून बघितलेली गोष्ट होती. सोमा घरोघर जाऊन सांगत राहिला, धावा रे, थोडं तरी लवकर निघा, पुढं काय असेल सांगता येत नाही. लोक हो म्हणायचे. मास्तरला भावाची आठवण येते, म्हणायचे. जन्मभर केलेल्या अभ्यासातलं एवढंच जगाने उचललं, आणि नेमकं तेच उचलू नये असं होतं.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात कोंडाजीची सून चंद्रभागा अडली. पहिलटकरीण होती. सोमा नेमका घरी होता. डोली बांधली जात होती तिथे तो पोचला. कोंडाजी आता थकला होता, पण पुढचा खांदा त्याचाच होता.

"कोंडाजीदादा, आज माझं ऐका. धावत न्या. हात जोडतो."

"मास्तर, चार तर मानसं हायत."

"तरी धावा. खिंडीत थोडं बसा, पण लवकर पोचा."

कोंडाजीने बांबू खांद्यावर घेतला आणि समजुतीने म्हणाला, "जीप नऊला हाय. लवकर जाऊन तिथं उभंच ऱ्हायचा ना?"

सोमा वळला आणि एकटाच पळत सुटला. ओढ्यात घसरला, गुडघा फुटला, खिंड त्याने चारी हातापायांनी चढली. पुढे जाऊन बघायचं, दरड असेल तर मागे ओरडत यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. छाती फुटेस्तोवर पळत तो वळणावर आला. रस्ता स्वच्छ होता. कुठेही काही कोसळलेलं नव्हतं. वडाखाली बसून तो धापा टाकत राहिला. नऊला सईदची जीप आली. नऊला डोली उतरली. चंद्रभागेला जीपमध्ये आडवं केलं, आणि संध्याकाळी निरोप आला की मुलगी झाली, दोघी चांगल्या आहेत.

"बघितलात? तुमची चाल कधी चुकत नाय," कोंडाजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सोमाला मुलीचा आनंद झाला, खरंच झाला. पण आता ही चाल इथून कधी जायची नाही, हेही त्याला त्याच वेळी कळून चुकलं. ती रोज बरोबर ठरणार होती. चुकीचा दिवस येईल तेव्हा दोष त्या माणसाच्या काळाला लागणार होता.

तो घरी आला. चिमाबाई ओट्यावर बसून त्याच्या गुडघ्याकडे बघत होती.

"पोचली का रे पोर?"

"पोचली. मुलगी झाली."

"येळेत पोचली म्हनायची." मग, इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते तिने विचारलं. "मंग सख्याच्याच येळेला काय झाला होता रे, सोम्या?"

सोमा तिच्या पायांशी बसला. हे सांगायला एवढी वर्षं त्याच्यात बळ नव्हतं. आज ते कुठून आलं कोण जाणे.

"आये, मी सावकाश न्यायला लावलं. त्याचे डोळे मिटायला लागलेले मी बघितले, तरी पळा म्हणालो नाही. पळालो असतो तर सखा वाचला असता."

चिमाबाईने त्याच्याकडे बघितलं, मग पदराने त्याच्या गुडघ्यावरचं रक्त टिपलं.

"काय तरीच बोलतोस. डोली सावकाशच न्यायाची असते," ती म्हणाली. "तूच तर शिकीवलंस सगळ्यांना."

सोमाने पुन्हा सांगून पाहिलं नाही. गोठ्यात म्हैस ओरडत होती, तो तिला पाणी दाखवायला उठला.